मेटल डिटेक्टर उगाच वाजतोय? कार्डाचं बिल भरण्याआधी हे वाचा

बिस्किटांच्या एका लाइनवरचा मेटल डिटेक्टर बेल्ट रिकामा असतानाही वाजत होता. सर्व्हिसवाल्याने थोडा वेळ पॅनेलची बटणं दाबली, 'कार्ड (आतला सर्किट बोर्ड) गेलंय' म्हणाला, नव्या कार्डाचे पैसे लावले आणि जुनं एक्स्चेंजमध्ये नेल्याचं लिहून दिलं. वाजणं थांबलं, बिल पास झालं. पुढे ऑडिटच्या तयारीत 2.5 मिमीचा एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा) टेस्ट पीस, म्हणजे चाचणीचा धातूचा तुकडा, अलार्म न देता सरळ पलीकडे गेला, तेव्हा पॅनेल उघडलं. कार्ड तेच होतं, सीरियल नंबर मशीन बसवतानाच्या कमिशनिंग रिपोर्टातलाच. फक्त सेन्सिटिव्हिटी खाली आणली होती. खरा दोष होता कन्व्हेयरच्या फ्रेममधला सैल बोल्ट!

रोजच्या चाचणीत हे सापडलं नाही, कारण ऑपरेटर फक्त लोखंडी पीस टाकत होता, तोही बेल्टच्या कडेने. डिटेक्टर सर्वांत कमजोर असतो तो तोंडाच्या (माल जातो त्या पोकळीच्या) मधोमध, आणि 316 ग्रेडचं एसएस पकडणं सर्वांत अवघड. लबाडी नेमकी इथेच लपते.

सैल बोल्टाने हेड (बेल्टभोवतीची डिटेक्टरची चौकट) का वाजतं? हेडमध्ये एक ट्रान्समीटर आणि दोन रिसीव्हर कॉइल असतात, दोन्ही रिसीव्हरचे सिग्नल एकमेकांना तोलून धरतात. फ्रेमचा किंवा रोलरचा सांधा कंपनाने जुळत-तुटत राहिला की धातूचं बंद वर्तुळ क्षणात तयार होतं, क्षणात मोडतं. त्यात फिरणारा प्रवाह हा तोल बिघडवतो. उपाय स्वस्त आहे: सांधा वेल्ड करा किंवा घट्ट आवळा, रोलरचं एक टोक नायलॉन बुशने इन्सुलेट करा.

म्हणून कोटेशन मागण्याआधी माल काढून बेल्ट बंद करा. तरीही वाजत असेल तर ड्राइव्हची केबल, अर्थिंग, जवळचा वॉकीटॉकी, शेजारच्या मशीनचं कंपन तपासा. बेल्ट चालू केल्यावरच वाजत असेल तर वाजताक्षणी हेडखालच्या बेल्टवर खडूने खूण करा. 4 मीटरचा बेल्ट मिनिटाला 20 मीटर धावत असेल तर एक फेरी 12 सेकंदांची. दर 12 सेकंदांनी त्याच खुणेवर वाजलं तर बेल्टमध्ये धातूचा कीस रुतलाय किंवा जॉइंट खराब आहे. अनियमित वाजलं तर सांधे आणि रोलर बघा. फक्त माल आल्यावर वाजत असेल तर तो बहुधा मालाचाच परिणाम: पनीर, लोणचं, गरम पाव अशा ओल्या-खारट मालाचं तापमान बदललं की सेटिंग नव्याने शिकवावी लागते. अर्थात मालात खरंच धातू नाही, याची खात्री आधी.

या सगळ्यातून हेड निर्दोष ठरलं नाही, तरच कार्डाचा विषय काढू द्या. काम सुरू होण्याआधी सेन्सिटिव्हिटी, फेज (मालाचा परिणाम वगळणारी सेटिंग) आणि कार्डाचा सीरियल नंबर यांचे फोटो काढा, संपल्यावर पुन्हा काढा. पासवर्ड स्वतःकडे ठेवा. जुना भाग आवारातच राहील, असं वर्क ऑर्डरमध्ये लिहा. लोखंड, पितळ आणि एसएस तिन्ही पीस मालाच्या पाकिटासोबत, तोंडाच्या मध्यातून, सर्व्हिसवाल्यासमोर पास करून मगच सही करा.

सेन्सिटिव्हिटी गुपचूप उतरवल्याचं उशिरा कळलं, तर शेवटच्या योग्य चाचणीनंतरचा सगळा माल होल्डवर टाका आणि दुरुस्त मशीनमधून पुन्हा काढा. गाडी निघून गेली असेल तर त्याच दिवशी ग्राहकाला कळवा.