ऑलिव्ह तेलाची बाटली आणि तिचे लेबल

महिनाभर वापरलेल्या या एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलाचे परीक्षण मी लेबलापासून सुरू करतो आहे, कारण चवीने जी निराशा केली तिची पूर्वसूचना तिथेच छापलेली होती आणि खरेदी करताना मी ती वाचली नव्हती.

'एक्स्ट्रा व्हर्जिन' हे नाव कोणालाही लावता येत नाही. युरोपीय नियमांनुसार अशा तेलाची मुक्त आम्लता (म्हणजे तेलातून सुट्या झालेल्या मेदाम्लांचे प्रमाण) ०.८ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही आणि प्रशिक्षित परीक्षकांना त्याच्या वासात किंवा चवीत दोष आढळून चालत नाही. (नुसते 'प्युअर' किंवा 'लाइट' म्हणून विकले जाणारे तेल बहुतांशी रिफाइंड असते, आणि 'लाइट'मुळे उष्मांक जराही घटत नाहीत.)

या बाटलीवर आम्लता ०.३ टक्के असल्याचे ठळक अक्षरांत छापले आहे आणि मी नेमका त्याच आकड्याला भुललो. आम्लता जिभेला कळत नाही. गाळपाच्या वेळी फळे कितपत ताजी आणि धड होती, याचाच अंदाज तिच्यावरून येतो. पुढे हवेच्या संपर्काने तेल कितपत बिघडू लागले, हे पाहायला पेरॉक्साइड मूल्य लागते, ज्याची या प्रतीसाठी कमाल मर्यादा २० आहे. म्हणूनच आम्लता छापायची तर पेरॉक्साइड आणि इतर काही मूल्येही तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत द्यावीत, असा युरोपीय नियम आहे. येथे त्यांपैकी एकही आकडा नाही.

तारखेचेही तसेच. 'बेस्ट बिफोर' आहे, पण फळांच्या तोडणीचा महिना वा हंगाम नाही. बाटलीबंद करण्यापूर्वी तेल टाकीत किती काळ पडून होते, हे त्यामुळे कळायला मार्गच उरत नाही. समोर मोठ्या अक्षरांत 'इटलीत बाटलीबंद' आणि मागे बारीक अक्षरांत 'युरोपीय संघातील व संघाबाहेरील तेलांचे मिश्रण', म्हणजे इटलीचा संबंध केवळ बाटलीपुरताच असू शकतो. त्यात काच पारदर्शक, आणि प्रकाश तर या तेलाचा शत्रू. हिरवट रंगावर मात्र विसंबू नये. रंगाचा प्रभाव पडू नये म्हणून परीक्षकही तेल निळ्या पेल्यातून चाखतात.

ताज्या तेलाला हिरव्या गवताचा वास, किंचित कडवटपणा आणि घशाशी मिरीसारखा झणका असतो. याला मेणाच्या खडूंचा वास आहे आणि घशाशी काहीच जाणवत नाही. उरलेले तेल मी तापवूनच संपवतो आहे. कच्चे खाण्याजोगे ते नाही.