घास उतरेनासा झाल्यावर: स्टेंट की ब्रॅकिथेरपी?

अन्ननलिकेचा कर्करोग बळावला की आधी पोळी, मग मऊ भात आणि अखेरीस पाणीही घशाखाली उतरेनासे होते. तेव्हा घरच्यांपुढे बहुधा या दोन उपायांचा प्रश्न येतो.

दुर्बिणीतून बसवली जाणारी धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, एक-दोन दिवसांतच वाट मोकळी करते. मात्र छातीत दुखणे, नळी सरकणे, गाठ वाढून ती पुन्हा बुजणे हे त्रास संभवतात, आणि ती जठराच्या तोंडाशी बसवली असेल तर आम्ल वर येते, म्हणून उशाकडची बाजू उंच ठेवावी लागते. घास बारीक चावून, मध्ये मध्ये पाणी पीत खावा लागतो. सकाळचे पोहे-शेव (इंदूरकराला हे सांगणे जिवावर येते) टाळलेलेच बरे.

ब्रॅकिथेरपीत किरणोत्सर्गी स्रोत अन्ननलिकेत थोडा वेळ ठेवून गाठ आकसवतात. आराम पडायला काही आठवडे लागतात; पण नेदरलँड्समधील २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो स्टेंटपेक्षा अधिक काळ टिकला आणि गुंतागुंतही कमी झाली. हाताशी काही महिने असतील आणि सोय उपलब्ध असेल, तर मला हीच पद्धत उजवी वाटते. पाणीही जात नसेल, तर स्टेंटच.