मेडिकॅगो की लोटस? मुळांवरच्या गाठींच्या जनुकांवर काम करायचं ठरवलेल्यांसाठी

नत्र स्थिरीकरणाच्या जनुकांवर संशोधन करायचं, इथपर्यंत ठरतं आणि मग गाडी अडते ती रोपापाशी. जगभर हे काम मुख्यतः दोन रोपांवर चालतं. मेडिकॅगो ट्रंकाट्युला हे भूमध्य समुद्राकाठचं, आपल्या लसूणघासाच्या सख्ख्या घरातलं. लोटस जॅपोनिकस जपानकडचं. नाव लोटस असलं तरी कमळाशी त्याचा संबंध नाही, पिवळ्या फुलांचं बुटकं शेंगावर्गीय रोप आहे ते. एकाची गुणसूत्रं 16, दुसऱ्याची 12, आणि जीनोम दोघांचेही आटोपशीर. तिथे निवडण्यासारखं फारसं काही नाही. खरा फरक गाठीत आहे.

तो बघायला प्रयोगशाळा लागत नाही. रब्बीत हरभऱ्याचं रोप मातीसकट काढा, मुळं बादलीत अलगद धुवा. गाठी लांबट, फाटे फुटलेल्या दिसतील. एक गाठ ब्लेडने उभी चिरली की टोक पांढरं, त्यामागे लेगहिमोग्लोबिन या लाल प्रथिनाचा गुलाबी-लाल पट्टा आणि गाठ जुनी असेल तर बुडाशी हिरवट. टोकाकडून ती वाढतच राहते, म्हणून एकाच कापात तिचं सगळं आयुष्य ओळीने मांडलेलं असतं. मेडिकॅगोची गाठ याच प्रकारची. खरिपातल्या सोयाबीनची किंवा मुगाची गाठ मात्र मण्यासारखी गोल, आतून सगळीकडे जवळपास सारखीच गुलाबी. लोटसची गाठ अशी असते.

गाठीत राहून रोपासाठी हवेतला नत्र बांधणाऱ्या जिवाणूचं नशीबही वेगळं. मेडिकॅगोच्या पेशीत सिनोरायझोबियम मेलिलोटी हा त्याचा जिवाणू शिरला की रोप त्याच्यावर एनसीआर नावाच्या लहान पेप्टाइडांचा, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांचा मारा करतं. त्यांची शेकडो जनुकं या एका रोपात आहेत. जिवाणू फुगतो, लांबतो, त्याच्या डीएनएच्या प्रती वाढत जातात, पण तो पुन्हा कधी विभागत नाही. नत्र देतो आणि त्याचा वंश तिथेच थांबतो. लोटसमध्ये ही पेप्टाइडं नाहीत. तिथली गाठ चिरडून प्लेटवर पसरली तर गाठीत नत्र बांधणारे जिवाणूही पुन्हा वाढू शकतात. रोप जिवाणूला ताब्यात कसं ठेवतं, हा प्रश्न तुम्हाला खुणावत असेल तर मेडिकॅगोच घ्या, दुसरा विचार करू नका.

जिवाणूची ओळख कशी पटते, हा प्रश्न असेल तर पारडं लोटसकडे झुकतं. गाठ तयार होण्यासाठी लागणारं निन हे जनुक 1999 मध्ये लोटसमध्येच सापडलं, आणि जिवाणूचा नॉड फॅक्टर, म्हणजे तो रोपाला पाठवतो तो रासायनिक निरोप, ओळखणारे एनएफआर1 आणि एनएफआर5 हे ग्राहीही 2003 मध्ये तिथेच. तो नॉड फॅक्टर रासायनिकदृष्ट्या उलगडला होता मात्र मेलिलोटीतून, 1990 मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला. त्याच्या टोकाला लागलेला एक सल्फेट गट नसेल तर लसूणघास त्या जिवाणूला दाद देत नाही. एवढ्याशा रासायनिक खुणेवर सोयरीक ठरते, हे मला आजही थक्क करतं.

साधनांच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: छोट्या प्रयोगशाळेने लोटस घ्यावं. मेडिकॅगोचे म्युटंट, म्हणजे एखादं जनुक बिघडवलेली रोपं, टीएनटी1 या तंबाखूतून आणलेल्या उड्या मारणाऱ्या जनुकाने केलेले आहेत, म्हणजे ते जनुकबदल केलेलं बियाणं ठरतं आणि मागवताना जास्तीच्या मंजुऱ्या आल्या. शिवाय ते आर108 वाणात आहेत, तर संदर्भ जीनोम ए17 या दुसऱ्या वाणाचा. लोटसचं लोर1 हे त्याचं स्वतःचंच जनुक. ते बी धरतानाच उड्या मारतं, त्यामुळे ऊतीसंवर्धन न करता नुसतं बी पेरून म्युटंट वाढवत नेता आले. अशा एक लाखाहून जास्त ओळी तयार आहेत. बियाणं आयातीची परवानगी अर्थात दोन्हींना लागते.

शेवटी कोणत्या पिकाकडे वळायचं आहे, तेही आधीच बघा. वाटाणा, मेथी, लसूणघास, हरभरा यांना मेडिकॅगो जवळचं. हरभऱ्यातही एनसीआर आहेत, फक्त बरेच कमी. सोयाबीन, तूर, मूग, उडीद यांच्या गाठी लोटससारख्या. पण यात एक मेख आहे: वंशवृक्षात लोटस सोयाबीनपेक्षा मेडिकॅगोलाच जवळचं आहे. गाठीचा आकार जुळला म्हणून जनुकंही तशीच वागतील असं धरून चालू नका.

हरभऱ्यावर काम करणाऱ्याला तर दोन्ही दारं ठोठवावी लागतात. रोप मेडिकॅगोच्या गोतातलं, पण त्याचा जिवाणू मेसोरायझोबियम, म्हणजे लोटसच्या जोडीदाराच्याच प्रजातीतला (जीनसमधला). मेलिलोटीची गाठीची जनुकं पीसिम-ए या मोठ्या प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्रापासून वेगळ्या डीएनएच्या कड्यावर असतात. लोटसच्या मेसोरायझोबियममध्ये ती मुख्य गुणसूत्रातच घुसलेल्या, पाच-सहा लाख बेसजोड्यांच्या तुकड्यावर असतात आणि हा अख्खा तुकडा दुसऱ्या जिवाणूत जाऊ शकतो. न्यूझीलंडमध्ये लोटस कॉर्निक्युलेटस या लोटसच्याच भाऊबंदाच्या एका शेतात एकच जिवाणू सोडला होता. काही वर्षांनी तिथल्या गाठींमध्ये भलतेच जिवाणू निघाले, आणि त्या सगळ्यांकडे तोच तुकडा होता. 1995 मध्ये हे प्रसिद्ध झालं. हरभऱ्याच्या बियाण्याला संवर्धक चोळल्यावर त्याची जनुकं शेतात कुठवर जातात, हे शोधायचं असेल तर रोपाचे संदर्भ मेडिकॅगोतून घ्या आणि जिवाणूचे लोटसच्या बाजूने.