‘वंडर’: आधी पुस्तक की आधी सिनेमा?

इंदिरानगरहून धाकट्या बहिणीचा फोन. “ताई, ‘वंडर’चं पुस्तक आणू की सिनेमाच दाखवू? पोरीला इंग्रजी झेपेल का?” भाची सहावीत आहे. जन्मतः ओठ दुभंगलेला होता, ऑपरेशन झालं, आता नाकाखाली एक पांढरट रेघ उरलीय. घरात ती कुणाच्या लक्षातही येत नाही. रिक्षात शेजारी बसलेल्या बाईला मात्र हमखास दिसते. “हे काय झालं गं बाळा?”

माझ्या घरी दोन्ही झालंय, आणि चुकीच्या क्रमाने झालंय. म्हणून सांगते.

गोष्ट न्यूयॉर्कमधल्या दहा वर्षांच्या ऑगस्टची. जन्मापासून चेहरा वेगळा, 27 ऑपरेशनं झालेली, आजवर घरीच शिकलेला. पाचवीत पहिल्यांदा शाळेत जातो. मूळ दुखणं ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोमचं. साधारण 50 हजारांत एका बाळाला होतं. गालाची, जबड्याची हाडं नीट वाढत नाहीत, बुद्धीला सहसा काही होत नाही. आर. जे. पॅलासिओची कादंबरी 2012ची, सिनेमा 2017चा.

खरा फरक चेहऱ्याचाच. पुस्तकात पहिलं प्रकरण संपता संपता ऑगस्ट सांगून टाकतो की मी कसा दिसतो ते सांगणार नाही, तुमच्या मनात जे आलंय त्याहून वाईटच असेल. पुढे कितीतरी पानांनी त्याची बहीण व्हिया ते वर्णन करते, डोळे गालांवर उतरलेत इथपासून. तोवर पोरगा आपल्या ओळखीचा झालेला असतो. सिनेमाला ही सोय नाही. चेहरा लपवायला घातलेलं हेल्मेट निघालं की चेहरा समोर. मेकअप उत्तमच आहे, ऑस्करचं नामांकन होतं त्याला. पण सिनेमा संपल्यावर माझ्या मुलाने आधी फोन घेतला आणि तो नट खरा कसा दिसतो ते शोधलं. “अगं, बराच आहे की!” म्हणाला आणि निवांत जेवायला बसला. तिथेच मला चूक कळली. पुस्तकातून अशी सुटका करून घेता येत नाही.

दुसरं म्हणजे समर. पुस्तकात सहा जण आळीपाळीने बोलतात, त्यात डब्याच्या सुट्टीत ऑगस्टच्या टेबलावर जाऊन बसणारी समरही आहे. बाकीची मुलं तिला विचारतात, मुख्याध्यापकांनी सांगितलं म्हणून बसतेस का? सुरुवातीला कीव आली होती, हे ती कबूल करते. सिनेमात समर आहे, पण तिला स्वतःचा भाग नाही. माझ्या मते मोठा तोटा हाच, कारण आपली बहुतेक मुलं ऑगस्ट नसतात, त्याच्या बाजूच्या बाकावर असतात. व्हियाचा नव्या शाळेत भावाबद्दल गप्प राहण्याचा अपराधीपणा मात्र सिनेमानेही छान पकडलाय.

इंग्रजीची धास्ती नको. प्रकरणं एक-दोन पानांची, भाषा शाळकरी. व्हियाचा मित्र जस्टिन, त्याचा भाग तेवढा एकही कॅपिटल अक्षर न वापरता छापलाय. देवनागरीत वाढलेल्या आपल्याला त्याचं काय कौतुक! स्टार वॉर्स नि हॅलोविन अडलं तर विचारेल ती.

सिनेमा 113 मिनिटांचा. आजीसकट सगळ्यांनी एकत्र बघायचा असेल तर तोच बरा. ऑगस्टच्या घरची कुत्री दोन्हीकडे मरते, आधी सांगून ठेव. शेवटी ऑगस्टला मिळणारं बक्षीस आणि टाळ्या मला दोन्हीकडे खटकल्या. पोराला नुसतं वर्गात बसू द्यायला त्याने आधी थोर व्हायलाच हवं का?

बहिणीला म्हटलं, सार्वजनिक वाचनालयात विचारून बघ, नसेल तर कॉलेज रोडला चक्कर मार. सिनेमा दिवाळीच्या सुट्टीत.

“पुस्तक देताना त्या रेघेबद्दल काही बोलू का तिच्याशी?”

“काही नको. टेबलावर ठेव आणि कुकर लाव.”