वेगळं राहायचंय पण डायव्होर्स अजून नाही: नोटरीचा करार की ज्युडिशियल सेपरेशन?

माझ्या मावसबहिणीच्या घरी, ऐरोलीत, हे सगळं झालं तेव्हा फायली घेऊन मी तिच्याबरोबर फिरलेय, म्हणून ज्यांचं आत्ता "वेगळं तर व्हायचंय पण डायव्होर्सचं ठरत नाही" असं चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय.

बहुतेक जण आधी आपसातला करार करतात. पाचशेचा स्टॅम्पपेपर, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, झालं. खर्च कमी, कोर्टाची पायरी नाही, नातेवाईकांत बोभाटा नाही, आणि दोघं समजूतदार असतील तर चालतंही. ताईच्या करारात मुलाची फी, महिन्याला अठरा हजार, शनिवार-रविवार मुलगा बाबांकडे, सगळं नीट लिहिलेलं. चार महिने पैसे आले, पाचव्याला नाही. ती ओट्यापाशी उभी राहून पासबुकातल्या नोंदींवर पेन्सिलने खुणा करत होती, वरच्या चार नोंदींवर टिक आणि खाली नुसती रिकामी जागा, ते मला अजून दिसतं. मग वकिलांनी सांगितलं की हा कागद म्हणजे कोर्टाची ऑर्डर नाही, थेट वसुली लागत नाही, पोटगीचा अर्ज नव्याने करायचा आणि करार पुरावा म्हणून जोडायचा.

"पुढे पोटगी मागणार नाही" असं त्यात लिहून घेतात ना, त्याने पोटगीचा हक्क जात नाही. आणि कृपा करून त्याला नोटरी डायव्होर्स समजू नका, त्या कागदावर दुसरं लग्न केलं तर तो गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा.

ज्युडिशियल सेपरेशन म्हणजे हिंदू विवाह कायदा १९५५ चं कलम १०, कोर्ट मॅरेजवाल्यांना स्पेशल मॅरेज ॲक्टचं २३. फॅमिली कोर्टात अर्ज करायचा, ठाण्यात आहे. लग्न टिकतं, पण एकत्र राहायची सक्ती संपते. अडचण अशी की क्रूरता, सोडून जाणं वगैरे डायव्होर्सचीच कारणं सिद्ध करावी लागतात, समोरच्याने विरोध केला तर तारखांवर तारखा. पण केस चालू असतानाच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी मागता येते आणि ती ऑर्डर असते, पैसे थांबले तर वसुलीला जाता येतं. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालापासून दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात.

लग्नाला वर्ष झालेलं नसेल तर हा फरक मोठा आहे. डायव्होर्सचा अर्ज साधारणपणे वर्षाच्या आत घेत नाहीत, सेपरेशनचा घेतात. सेपरेशनची डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूम, मिळाल्यावर वर्षभर एकत्र आला नाहीत तर दोघांपैकी कोणीही डायव्होर्स मागू शकतं. आणि जुळलंच परत, तर डिक्री रद्दही करून घेता येते.

दोघांनाही डायव्होर्सच हवा असेल तर मात्र सेपरेशनच्या वाटेला जाऊ नका असं माझं मत. वर्षभर वेगळे राहा, म्युच्युअल कन्सेंट, म्हणजे दोघांच्या संमतीच्या डायव्होर्सचा अर्ज लावा, अर्जानंतर थांबायची सहा महिन्यांची मुदतही २०१७ च्या निकालानंतर कोर्ट माफ करू शकतं. वेगळं राहणं म्हणजे दुसरं घर घ्यायलाच हवं असंही नाही, नवरा-बायकोसारखं राहत नसाल तर एका छताखालीही चालतं, आणि आपल्याकडची भाडी बघता हे बऱ्याच जणांना उपयोगी पडेल.

फ्लॅटचं बोलायचं तर जॉइंट लोन असेल तर "हप्ते तो भरेल" असं करारात लिहून बँक ऐकत नाही, हप्ता चुकला की दोघांच्या मागे लागते. एकाचा हिस्सा दुसऱ्याच्या नावावर करायचा असेल तर लग्न टिकून आहे तोवरच बघा, महाराष्ट्रात राहत्या घराचं नवरा-बायकोतलं बक्षीसपत्र २०० रुपये मुद्रांक शुल्कात होतं, डायव्होर्सनंतर ती सवलत नाही. वरचे अधिभार रजिस्ट्रारकडे विचारून घ्या, आणि लोन चालू असेल तर आधी बँकेची संमती.

पैसे वेळेवर येतील याची खात्री असेल, दोघंही कमावते असाल तर करार पुरे. एकाच्या पगारावर घर चालत असेल तर कागदावर विसंबू नका, अर्ज करा. वकिलाच्या फीमुळे अडलं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील फुकट मिळतो. ताईला तिथूनच मिळाला.