माळावरचा चारा आभाळातून मोजायचा, तर उपग्रह कोणता?

बारामती, इंदापूर, दौंडकडच्या माळांवरची चराई कशी बदलत गेली हे उपग्रहांच्या चित्रांवरून बघायचं, तर फुकटात मिळणारे नावाजलेले पर्याय तीन: मोडिस, लँडसॅट आणि सेंटिनेल-२.

मोडिसचं लवकर उरकतं. २००० सालापासून जवळपास रोजची नोंद आहे, पण त्याच्या चित्रातला एक ठिपका (पिक्सेल) २५० मीटरचा, म्हणजे साधारण १५ एकर. गायरान, शेजारचा उसाचा फड आणि ओढ्याकाठच्या बाभळी सगळं एकाच ठिपक्यात कालवलं जातं. यंदा तालुक्यात हिरवळ उशिरा आली का, एवढंच त्याला विचारावं.

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे. सेंटिनेलचा ठिपका १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ नेमका एक गुंठा. लँडसॅटचा ३० मीटरचा, नऊ गुंठ्यांचा. माळ आता शेतांच्या मधे तुकड्यातुकड्यांनी उरलेत, त्यामुळे हा फरक मोठा. शिवाय धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह पडलेले तळ, माळावर असतात ते पावसाळ्यात, आणि ढगही नेमके तेव्हाच. सेंटिनेल दर पाच दिवसांनी येतो. लँडसॅट ८ आणि ९ मिळून आठ दिवसांनी. जितक्या फेऱ्या जास्त, तितकी ढगांच्या फटीतून एखादं स्वच्छ चित्र हाती लागायची आशा जास्त. तरी जुलै-ऑगस्टवर फार विसंबू नका. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर बरा, पवन्या-कुसळी ही गवतं वाढलेली असतात आणि आभाळही मोकळं होतं.

मग लँडसॅट कशाला? कारण सेंटिनेल २०१५ सालचा. माळावर ग्लिरिसिडियाची झाडं लावायच्या आधी तिथं काय होतं हे त्याला ठाऊकच नाही. लँडसॅटची ३० मीटरची चित्रं १९८०च्या दशकापासूनची आहेत. मात्र ३१ मे २००३ नंतरच्या लँडसॅट ७च्या चित्रांत काळे पट्टे दिसतील. २०११पर्यंतच्या वर्षांसाठी लँडसॅट ५ वापरा.

दोघांचीही खोड एकच: हिरवाईचा निर्देशांक, म्हणजे एनडीव्हीआय, वाढला की चारा वाढला असं नाही. वेडी बाभूळ माजली तरी तो वाढतो, आणि मेंढरांना तिथं गवत काडीभर मिळत नाही. एप्रिलचं चित्र काढून बघा. गवत वाळलेलं असतं, तरीही हिरवं दिसेल ते झाड-झुडूप किंवा ओलिताखालचं शेत. ग्लिरिसिडिया मात्र उन्हाळ्याआधीच पानं गाळतो, तो या चाळणीतून निसटतो. तिथं प्रत्यक्ष माळावर जाऊनच बघावं लागतं.

माझं मत: गेल्या चार-पाच हंगामांची चराई बघायची तर सेंटिनेल, माळ कधी बिघडला हे शोधायचं तर लँडसॅट. दोघांचे आकडे एका आलेखात सरळ जोडू नका. आणि सेंटिनेल घेतलात तर २५ जानेवारी २०२२ ही तारीख लिहून ठेवा. त्या दिवसापासून चित्रांतल्या प्रत्येक ठिपक्याच्या आकड्यात १०००ची भर आहे. ती वजा केली नाही तर अख्खा माळ रातोरात वाळल्यासारखा दिसतो. उपग्रहचित्रं ऑनलाइन बघण्या-मोजण्याची गूगलची सोय आहे, अर्थ इंजिन. तिथं ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संच मिळतो, त्यात ही वजाबाकी केलेली असते.