हजार वॅटचा रॉड की दीड हजाराचा?

बहिणीचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीकडं. जुलैत पाऊस लागला की जळण ओलं आणि बंबाचा नुसता धूर. शेवटी भावोजींनी पाणी तापवायला रॉड घ्यायचं ठरवलं. बेळगावच्या गणपत गल्लीतल्या दुकानातून त्यांचा फोन आला, "हजार वॅटचा घेतला तर बिल कमी येईल की?"

नाही येणार. वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४५ वर न्यायला ०.५८ युनिट लागतातच, रॉड कुठलाही असो. लहान रॉड जास्त वेळ चालतो आणि तोवर बादली निवतही असते, म्हणजे थोडी वीज वरच जाते.

फरक पडतो तो व्होल्टेजमुळं. रॉडवर छापलेले वॅट २३० व्होल्टचे असतात. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, तेव्हा दीड हजाराचा रॉड १५०० भागिले २३०, म्हणजे ६.५ अँपिअर ओढतो. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध (करंटला होणारा अडथळा) मिळतो: सुमारे ३५ ओहम. हजाराचा ४.३५ अँपिअर ओढतो, त्याचा रोध ५३ ओहम. दुकानदाराला मल्टीमीटर पिनांना लावून दाखवायला सांगा, आकडा जवळपास हाच यायला हवा. रॉडच्या तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही. (जुन्या १०० वॅटच्या पिवळ्या बल्बवर हे करू नका. हिशोबानं ५२९ ओहम, पण गार बल्ब मीटरवर चाळीसच्या आसपास दाखवतो.)

बहिणीकडं सकाळ-संध्याकाळ स्टॅबिलायझरचा काटा १८० वर असतो. रोध तोच, म्हणून दीड हजाराच्या रॉडमधून ५.१ अँपिअरच जातात आणि १८० गुणिले ५.१ म्हणजे ९१८ वॅट. व्होल्टेज २२ टक्के पडलं, पण करंटही तितकाच पडल्यामुळं वॅट ३९ टक्क्यांनी घटले! हजाराचा रॉड ६१२ वर येतो. तीच बादली दीड हजाराला २३ मिनिटांऐवजी ३८ मिनिटं घेते, हजाराला ३५ ऐवजी ५७. सकाळी पोरांना शाळेची बस गाठायची असते, तिथं ५७ मिनिटं कोण थांबणार?

विहिरीवरच्या मोटारीला मात्र हा हिशोब लावू नका. व्होल्टेज पडलं की ती उलट जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं.

आता हजाराच्या बाजूचा एक मुद्दा, आणि तो भारी आहे. घरातला साधा प्लग पॉइंट ६ अँपिअरचा. भावोजी म्हणाले, "आमच्यात ५.१ च जातोय न्हवं, मग चालतंय की." पण पहाटे शेतातल्या मोटारी बंद असल्या की व्होल्टेज चढून २३० होतं, आणि ६.५ अँपिअर त्या सॉकेटमधून जायला लागतात. माझ्याच घरी असा एक सॉकेट पिनेभोवती तपकिरी होऊन वितळला होता. वास आला म्हणून कळलं.

तेव्हा १६ अँपिअरचा पॉइंट, २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि धड अर्थिंग असेल तर दीड हजाराचाच घ्या. नुसता ६ चा पॉइंट असेल तर हजाराचा बरा, फक्त तासभर आधी लावायचा. दोन्हींत पाण्याला हात लावण्याआधी स्विच बंद करून प्लग काढायचा.

भावोजींनी दीड हजाराचा घेतला. वायरमन रविवारी येतो म्हणालाय, तोवर बंबच.